दुसऱ्याच्या नावाची हाक

“आलास, इद्रिस? मला वाटलंच होतं तू येशील.”

मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यानं माझी बाही धरली होती. गुडघ्यांवर चौकड्यांचं ब्लँकेट, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि डोळे असे निळे, ओले, की सारं जग त्याला पाण्यातून दिसत असावं. मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. ओली हिरवळ होती, तिच्यापलीकडं डोंगर होता आणि डोंगराच्या कमरेवर एक ढग टेकला होता.

तेवढ्यात मुलांच्या घोळक्यातून गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई धावत आली. ही कॅरिस. माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांना ती रग्बी शिकवायची.

“माफ करा हं,” ती धापा टाकत म्हणाली. “हे माझे वडील, एम्लिन. हल्ली त्यांची माणसं एकमेकांत मिसळतात. बाबा, हे इद्रिस नाहीत. हे कृपाचे वडील. नवीन कुटुंब आहे, भारतातून आलंय.”

एम्लिननं तिच्याकडं दयेनं पाहिलं. मग माझ्याकडं झुकून हळूच म्हणाला, “पोर चांगली आहे, पण तिला जुनं काही ठाऊक नाही.”

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं लोटली. आम्ही तेव्हा मिरजेहून वेल्समधल्या नान्टवेन नावाच्या गावी नुकतेच आलो होतो. दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एकाला एक चिकटलेली दगडी घरं, तळाशी एक अरुंद नदी, आणि कधीच्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी. माझी बायको मार्था परिचारिका. मिरजेच्या इस्पितळात तिनं उमेदीची वर्षं काढली होती, आणि इथल्या इस्पितळानं तिला बोलावून घेतलं होतं. मी शाळेत भूगोल शिकवायचो, तो तिच्यामागं आलो. उभ्या जगाचे नकाशे फळ्यावर काढून दाखवले होते, पण त्या खोऱ्यात मला काम कुणी देईना. मार्था ड्यूटीवर गेली आणि कृपा शाळेत गेली, की मी भांडी घासायचो, डाळ लावायचो आणि खिडकीत उभा राहून ढग बघायचो. पलीकडच्या डोंगरावरून ढग उतरायचे, नदी ओलांडायचे आणि आमच्या डोंगरावर चढायचे. दिवस तेवढ्यात जायचा.

नऊ वर्षांच्या कृपाला मात्र कसलीच अडचण नव्हती. एक दिवस ती शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच म्हणाली, “पप्पा, मला अंड्यासारख्या चेंडूचा खेळ खेळायचाय. आमच्या वर्गातले सगळे जातात. मुलीपण जातात.”

“त्यात पाडतात ग एकमेकांना,” मी म्हणालो.

“म्हणून तर!” ती म्हणाली.

खेळ रविवारी सकाळी असायचा. मिरजेत रविवारची सकाळ म्हणजे इस्त्रीचे कपडे, चर्च, आणि नंतर माझ्या सासूबाईंकडं मटण. इथल्या चर्चमध्ये मूठभर म्हाताऱ्या असायच्या. गाव सगळं मैदानावर.

मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाकीचे आईबाप हातात चहाचे कागदी पेले धरून रेषेपाशी उभे राहात आणि ओरडत. ते चांगले होते, मान हलवून हसत, हवेबद्दल बोलत. पण हवा संपली की बोलणं संपायचं. मग मी हळूच एम्लिनच्या खुर्चीपाशी सरकायचो. तिथं माझी वाट बघणारा माणूस होता.

“बघ, इद्रिस,” तो सांगायचा, जणू मी सगळं जाणतोच आणि तो नुसती आठवण देतोय. “चेंडू पुढं फेकायचा नाही. आपल्या मागच्याला द्यायचा आणि आपण त्याच्या मागं राहायचं. तो पडला तर वर उभं राहायचं, छत्रीसारखं. तू पळायचास तेव्हा मी असायचो ना मागं?”

“असायचात,” मी म्हणायचो.

“तू पळायचास म्हणजे काय, गवताला कळायचंही नाही.”

तो बोलायला लागला की समोरचं मैदान हळूहळू पातळ होत जायचं. पोरांच्या रंगीत जर्सी विरून जायच्या आणि त्याच मैदानावर दुसरीच माणसं पळायला लागायची: खाणीतून वर येऊन, नखांतला कोळसा तसाच ठेवून खेळणारी. डोंगरावर अजून झाडं नसायची, राखेचे ढीग असायचे. आणि उजव्या कडेनं एक सावळा, सडपातळ पोरगा पळत सुटायचा. त्याचा बाप जहाजाच्या भट्टीत कोळसा ओतायचा. कुठल्याशा उष्ण देशातून आला होता आणि इथली बाई करून या खोऱ्यात राहिला होता. इद्रिस हे नाव वेल्सच्या लोकांना आपलं वाटायचं आणि बापाला त्याच्या देशाचं. एम्लिनच्या बोलण्यातून हे असं तुकड्या-तुकड्यानं समजायचं. घरी परत जाताना माझे बूट गवतातल्या पाण्यानं भिजलेले असत, आणि मला वाटायचं, आपण खरंच कुठून तरी पळून आलोय.

एकदा जेवताना कृपानं चुगली केली. “मम्मी, ते आजोबा पप्पांना इद्रिस म्हणतात आणि पप्पा ओ देतात.”

मार्थानं चमचा खाली ठेवला. “अहो, खरं का?”

“म्हातारा माणूस आहे. खोडून काढलं तर घाबरतो.”

“वॉर्डात आम्हीही हो ला हो म्हणतो,” ती म्हणाली. “पण तुम्हाला ते आवडतं. तोंडावर दिसतंय.”

मी भात कालवत राहिलो. मग म्हणालो, “या गावात हाक मारणारा तेवढा एकच आहे, मार्था. नाव दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं?”

त्या दिवसांत मी रोज रात्री एकच विषय काढायचो, मी आणि कृपा परत जातो, तू वर्षभर राहा, मग बघू. तिनं नाही कधी म्हटलं नाही, नुसती ऐकायची. त्या दिवशी ताटं उचलता उचलता म्हणाली, “ओ द्यायची तर द्या. पण एक सांभाळा. त्या माणसाच्या वतीनं कधी काही कबूल करू नका, कशाला माफी देऊ नका. ते आपलं नसतं.”

हिवाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. शेजारच्या खोऱ्यातला संघ आला होता. सकाळी ऊन होतं, पण खेळ सुरू झाला आणि डोंगरावरचं धुकं सुटलं. खरंच सुटलं, कुणी वरून कापडाचा तागा उलगडावा तसं ते उतारावरून घरंगळत आलं. आधी पलीकडचे गोलाचे खांब गेले. मग पलीकडचे आईबाप गेले. कृपाला कुणीतरी चेंडू दिला, ती पोटाशी धरून पळत सुटली, आणि बघता बघता पांढऱ्यात शिरली आणि मिटली.

शिट्टी वाजली. कॅरिसचा आवाज आला, “मुलांनो, जिथं आहात तिथं खाली बसा! कुणी हलू नका! मी येते!”

रेषेवरच्या आया आपापल्या पोरांची नावं घेऊन हाका मारायला लागल्या. नावं धुक्यात जायची आणि कापसात पडल्यासारखी बुडायची. मीही तोंड उघडलं, आणि सहज बाजूला पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

“कॅरिस!” मी ओरडलो. “तुमचे बाबा नाहीत इथं!”

“अरे देवा! माझ्याभोवती पोरं आहेत, मला हलता येत नाही!” आवाज कुठून येतोय तेही कळेना. “नदी आहे खाली!”

“मी बघतो,” म्हटलं आणि आत शिरलो.

चार पावलांत मागची माणसं नाहीशी झाली. पायांखाली गवत तेवढं खरं होतं. चुन्याची पांढरी रेघ लागली, मी ती धरून चाललो. कुठंतरी मेंढ्या ओरडत होत्या, त्या डोंगरावर होत्या की शेजारी, सांगता येत नव्हतं. मनात एकाच वेळी दोन भीती होत्या, पोरीची आणि म्हाताऱ्याची. आणि तरी खरं सांगायचं तर फार शांत वाटत होतं. त्या पांढऱ्यात मिरज आणि नान्टवेन यांच्यात काही अंतरच उरलं नव्हतं.

तो मैदानाच्या मधोमध उभा होता. गुडघ्यांवरचं ब्लँकेट मागं गवतात लोळत होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, किंचित वाकून, पुढं बघत, खेळ सुरू व्हायची वाट बघणारा माणूस उभा राहतो तसा.

“आलास,” तो न वळता म्हणाला. “बरं झालं, आज कुणी नाही. आज सांगतो. नाही तर राहूनच जाईल.”

“थंडी आहे. आपण बाहेर जाऊन बोलू.”

“बाहेर माणसं आहेत.” तो सरळ झाला आणि त्यानं माझ्या कोटाची दोन्ही टोकं धरली. “मी त्या शुक्रवारी तुझ्या घरी आलो होतो. आठवतं? सांगायलाच आलो होतो. तुझ्या आईनं चहा दिला.”

“काय सांगायला?”

“तुला माहीत आहे.”

“तुम्ही सांगा,” मी म्हणालो.

“ते मोठ्या शहरातले लोक. त्यांनी निरोप धाडला, तुमच्यात तो काळा असला तर आम्ही मैदानात उतरणार नाही. आपली कमिटी घाबरली. एवढा मोठा संघ आपल्या गावात पहिल्यांदाच येत होता. मला म्हणाले, एम्लिन, कप्तान तू, तुझा मित्र तो, तू सांग. मी आलो. तुझ्या घरात शेगडी पेटली होती. तू मांडीवर बूट घेऊन बसला होतास, तेल लावत होतास त्यांना. माझ्याकडं बघून हसलास. तुझी आई म्हणाली, केकचा अजून एक तुकडा घे, एम्लिन. मी घेतला. खाल्ला. आणि उठून घरी आलो.”

धुक्यात कुणीतरी ‘ओवेन, ओवेन’ म्हणून हाका मारत होतं.

“दुसऱ्या दिवशी तू आलास, आणि तुझी जर्सी बिलीच्या अंगावर. तू एक शब्द बोलला नाहीस. तिथं दोरीपाशी उभा राहिलास, अख्खा सामना संपेपर्यंत, हातात बूट घेऊन. मी पळत होतो आणि तू माझ्याकडं बघत होतास. आणि आम्ही जिंकलो रे, इद्रिस. सगळ्या गावानं मला खांद्यावर घेतलं. खांद्यावरनं मी दोरीकडं बघितलं तर तू नव्हतास. चार दिवसांत तुमच्या घराला कुलूप.” त्यानं माझा कोट हलवला. “शिवी का दिली नाहीस? एक शिवी दिली असतीस तर मी तिथंच… का दिली नाहीस?”

सोपं होतं. ‘जाऊ द्या’ म्हणायचं, एवढंच. इंग्रजीतही ते दोनच शब्दांचं काम. ते दोन शब्द माझ्या जिभेवर येऊन बसले होते. म्हातारा रडत होता, थंडीनं त्याचे हात निळे पडले होते, आणि ऐकायला कुणी नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढं दोरीपाशी उभा असलेला तो पोरगा होता. त्याचं मी काय देऊन टाकणार होतो?

तोंड उघडलं आणि शब्द आले ते मराठीत आले.

“बाबा, मी तो नाही,” मी म्हणालो. “त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. ते त्याच्यापाशीच. पण तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं. सगळं ऐकलं.”

तो एकाग्र होऊन माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर एक विलक्षण मऊपणा आला.

“तुझा बाप असाच बोलायचा,” तो म्हणाला. “जहाजावरनं आला की. मला अक्षर कळायचं नाही. काय म्हणालास?”

“ऐकलं, म्हणालो,” मी इंग्रजीत म्हणालो.

“ऐकलंस.” त्यानं माझा कोट सोडला. बराच वेळ तो मान डोलावत राहिला. “बरं. ऐकलंस.”

“पप्पा?” धुक्यातून आवाज आला. “पप्पा, तुम्ही मराठीत कुणाशी बोलताय?”

कृपा आमच्यापुढं येऊन उभी राहिली. केसांवर दवाची जाळी, गुडघ्यांना चिखल, आणि चेंडू अजून काखेत.

“तुला बसायला सांगितलं होतं ना?”

“बसले होते. मग तुम्ही बोललात, म्हणून आले.” तिनं एम्लिनकडं पाहिलं. “हे का रडताहेत?”

“त्यांना घरी जायचंय.”

तिनं चेंडू माझ्याकडं दिला आणि त्याचा हात धरला. “चला आजोबा,” ती मराठीतच म्हणाली. तो चालायला लागला. मी ब्लँकेट उचललं, त्याच्या खांद्यांवर घातलं, आणि आम्ही तिघं चुन्याच्या रेघेवरून हाकांच्या दिशेनं निघालो.

सगळी मुलं सापडली, सामना सोडून दिला, आणि लोक क्लबच्या खोलीत चहा प्यायला जमले. खिडक्यांच्या काचा वाफेनं भरल्या होत्या. एम्लिन शेगडीपाशी डुलकी घेत होता. कॅरिस माझ्यासमोर पेला ठेवून म्हणाली, “बाबा आत काय म्हणत होते? मला तुमचे आवाज येत होते, शब्द नाही.”

मी घुटमळलो. एका माणसानं दुसऱ्या माणसाला सांगितलेलं ते मी मधल्यामध्ये ऐकलं होतं. पण ती त्याची मुलगी होती, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. मी सांगितलं. शेगडी, चहा, केक, बूट, सगळं.

ती ऐकत होती तोवर तिचा पेला हातातच राहिला. मग ती उठली. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गावातले म्हातारे बसलेले असत, त्यांच्यापाशी गेली आणि आवाज न चढवता म्हणाली, “इद्रिस कोण होता?”

खोलीतला गलका एका बाजूनं विझत गेला. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी आपापल्या पेल्यात पाहिलं. शेवटी एक जाडसर, लाल गालांचा गृहस्थ म्हणाला, “आमच्या वेळचा सगळ्यात वेगवान खेळाडू.”

“मी या मैदानावर वाढले,” कॅरिस म्हणाली. “मग त्याचं नाव मी कधीच कसं ऐकलं नाही?”

“नाव घ्यायचं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं, पोरी,” तो म्हणाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, नजर काढून घेतली, आणि पुन्हा पाहिलं. “त्याची जर्सी मी घातली होती.”

थोड्या वेळानं तो उठला, जड पावलांनी आमच्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला. माझ्याशी तो इद्रिसबद्दल काही बोलला नाही. कृपा ज्या कडेनं पळाली त्याबद्दल बोलला. पोरगी चेंडू फार उंच धरते, बरगडीपाशी धरायला शिकवा, म्हणाला. मी म्हटलं, मला येत नाही. “मग मी शिकवतो,” तो म्हणाला.

त्यानंतर काही महिने कॅरिसनं इद्रिसचा शोध घेतला. बंदरांच्या गावी गेली, म्हाताऱ्या खलाशांना विचारलं. कुणी म्हणालं, कॅनडात गेला. कुणी म्हणालं, बापाच्या देशात. नक्की काही कळलं नाही. पण त्या वर्षापासून क्लबात कुणी नवं कुटुंब आलं, की चहाच्या वेळी ती त्याची गोष्ट सांगायची. आधी काही लोक उठून जायचे. हळूहळू बसायला लागले.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी मार्थाला सगळं सांगितलं. ती माझे ओले मोजे शेगडीवर वाळत घालत होती.

“मग काय दिलंत त्याला?” तिनं विचारलं.

“काही नाही. ऐकलं, एवढं सांगितलं.”

ती थोडं हसली. मिरजेला परत जायचा विषय त्या रात्री मी काढला नाही. पुढंही काढायचा राहिला.

पुढच्या रविवारी लख्ख ऊन होतं. डोंगर धुतल्यासारखा दिसत होता. मी नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिलो आणि हाकेची वाट बघू लागलो. हाक आली नाही. एम्लिन समोर बघत होता, फार निवांत, झोप पुरी झालेल्या माणसासारखा. काही वेळानं त्याला माझी चाहूल लागली. त्यानं मान वळवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टोपीला हात लावला.

“नमस्कार,” तो अदबीनं म्हणाला. “आपल्याला कधी पाहिलं नाही. नवीन आलात वाटतं?”

त्या गावात ज्यानं मला ओळख दिली होती, त्यानंच ती काढून घेतली होती. आणि तरी, तो पहिल्यांदाच माझ्याकडं बघत होता.

“हो,” मी म्हणालो. “माझं नाव सुधाकर साळवे. मी मिरजेचा.”

“मिरज.” त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. आयुष्यभर त्यानं डोंगर आणि त्यांच्यामधली खोरी एवढंच जग पाहिलं होतं. “मिरज कुठल्या खोऱ्यात येतं?”

“कृष्णेच्या,” मी म्हणालो.

त्यानं ते नाव जिभेवर घोळवलं, त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या नद्या एकेक करून आठवून पाहिल्या. मैदानात शिट्टी वाजली, पोरं ओरडत सुटली.

“खालच्या अंगाला असेल,” तो शेवटी म्हणाला. “तिकडची माणसं चांगली असतात.”